जन्माचा शिक्का आणि इतिहासाचे तीन प्रश्न

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वर्धापन दिनाला बोलायला उभं राहायचं म्हणजे थोडी धाकधूक असते. मागे भोजनदानाची तयारी चाललेली असते, खिरीचा वास येत असतो आणि लहान मुलं सारखी मागे वळून बघत असतात. म्हणून मी फार लांबण लावणार नाही. समितीने मला विषय दिला नव्हता. विषय दिला तो आपल्या रविवारच्या अभ्यासवर्गातल्या मुलांनी.

झालं असं, की एका रविवारी वर्गात वाद पेटला. एक मुलगा म्हणाला, "सर, आपण वेगळ्या वंशाचे होतो, म्हणून आपल्यावर अन्याय झाला. जात म्हणजे वंशभेदच." स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी लगेच उठली. ती म्हणाली, "बाबासाहेबांनीच सांगितलंय, की जात म्हणजे वंश नव्हे. मग जातीला वंशभेद कसं म्हणायचं?" अर्धा तास नुसता गोंधळ. शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, पण त्या दिवशी मला चटकन उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, "दोघंही निम्मे निम्मे बरोबर आहात. बाकीचं वर्धापन दिनाला सांगतो." ते उत्तर आज या ठिकाणी देतो आहे.

पहिली गोष्ट. वंशवाद हा शब्द जगाच्या मानाने अगदी तरुण आहे. युरोपात तो रूढ झाला १९३० च्या दशकात, हिटलरच्या राजवटीला नाव ठेवायची वेळ आली तेव्हा. म्हणजे शब्दाला अजून शंभर वर्षंसुद्धा धड झालेली नाहीत. मग इतिहासकारांपुढे पेच पडतो. पाचशे किंवा दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना हा शब्द लावायचा का? काहींचं म्हणणं, की लावू नये. वंशाची शास्त्रं युरोपात अठराव्या-एकोणिसाव्या शतकात रचली गेली, त्याआधी वंशवाद नव्हताच. दुसरे म्हणतात, होता. बेंजामिन आयझॅक नावाच्या इतिहासकाराने २००४ साली ग्रंथ लिहून दाखवलं, की ग्रीक-रोमन लोकांतही त्याची मुळं सापडतात.

आपण साध्या पद्धतीने विचार करू. पटकीचा जंतू कुणी पाहिला नव्हता, तेव्हाही पटकीने गावंच्या गावं ओस पडत होतीच ना? नाव नव्हतं म्हणून रोग नव्हता, असं होत नाही. पण उलट बाजूही आहे. आलेल्या प्रत्येक तापाला जो डॉक्टर मलेरियाच म्हणतो, त्याच्या औषधाने गुण येत नाही. प्रत्येक अन्यायाला वंशवाद म्हटलं, तर त्या शब्दाची धार जाते. म्हणून इतिहासकार शब्द शोधत बसत नाहीत, लक्षणं तपासतात. जॉर्ज फ्रेडरिक्सन या अमेरिकन इतिहासकाराने २००२ साली वंशवादाचा छोटा इतिहास लिहिला. त्याने दोन गोष्टी एकत्र बघायला सांगितल्या : वेगळेपणा आणि सत्ता. तोच धागा धरून आपल्या समजुतीसाठी मी तीन प्रश्न करतो.

एक : दोष जन्माला चिकटवला आहे का? म्हणजे धर्म बदलला, शिकला, पैसा मिळवला, तरी तो सुटत नाही, असं आहे का?

दोन : त्यामागे सत्ता उभी आहे का? कायदा, जमीन, पंच, पोलीस?

तीन : लग्नाच्या दारावर पहारा आहे का?

आता हे तीन प्रश्न घेऊन थोडं जग फिरून येऊ आणि परत आपल्या नगर जिल्ह्यात येऊ.

स्पेनमध्ये टोलेडो नावाचं शहर आहे. तिथल्या पुष्कळ ज्यूंनी ख्रिस्ती धर्म घेतला होता. कुणी भीतीने, कुणी मनापासून. १४४९ साली त्या शहराने ठराव केला, की ज्यू वंशाच्या ख्रिस्ती माणसाला सरकारी अधिकाराची जागा द्यायची नाही. का? तर म्हणे रक्त शुद्ध नाही. खुद्द पोपने त्या ठरावाचा निषेध केला. बाप्तिस्मा घेतला की सगळे ख्रिस्ती सारखे, असं तो म्हणाला. पण पुढे स्पेनभर असे नियम पसरलेच. बघा, त्या माणसांचा रंग शेजाऱ्यासारखाच, देव तोच, चर्च तेच. तरी शिक्का कायम! पुष्कळ इतिहासकार वंशवादाचा उगम शोधताना इथे थांबतात. द्वेष आधीही होता, पण आता धर्म बदलूनही सुटका होईना.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचं. १६१९ साली तिथे आफ्रिकी माणसं आणून विकली गेली. सुरुवातीच्या काळात त्यांच्यातले काही मोकळे झाले, काहींनी जमिनीही केल्या. मग हळूहळू कायदे आले. १६६२ चा कायदा असा, की आई गुलाम तर मूलही गुलाम. १६६७ चा कायदा असा, की बाप्तिस्मा घेतला तरी गुलाम गुलामच राहील. १६९१ साली गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावर बंदी आली. आपले तिन्ही प्रश्न एकामागून एक कायद्यात उतरले. एरिक विल्यम्स हे त्रिनिदादचे इतिहासकार, पुढे त्या देशाचे पंतप्रधान झाले. १९४४ साली त्यांनी मांडलं, की वंशवादातून गुलामगिरी निघाली नाही, गुलामगिरीतून वंशवाद निघाला. आधी फुकटचं राबणूक हवं होतं, मग राबणारा हलका ठरवला गेला.

इथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्या वडिलांनी १९५६ नंतर धम्मदीक्षा घेतली. १९६१ साली मला पहिलीत घालायला ते शाळेत घेऊन गेले. गुरुजींनी जात विचारली. वडील म्हणाले, "लिहा, बौद्ध." गुरुजी हसले आणि दाखल्यावर जुनीच जात लिहिली. वर म्हणाले, "अरे, धर्म बदलला म्हणून रक्त बदलतं होय?" वडिलांना त्यावर बोलता आलं नाही. त्यांनी माझं बोट धरलं आणि मला वर्गात नेऊन बसवलं. गावाचं आणि गुरुजींचं नाव घेत नाही. पुढे इतिहास वाचताना टोलेडोचं प्रकरण माझ्यासमोर आलं आणि मी पुस्तक मिटून बसलो. तेच वाक्य! पाचशे वर्षांपूर्वीच्या स्पेनमधलं आणि आमच्या शाळेतलं. धर्म बदलला तरी शिक्का पुसत नाही, म्हणून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती हव्यात, हे केंद्र सरकारला मान्य व्हायला १९९० साल उजाडावं लागलं. याचा अर्थ धर्मांतर फुकट गेलं असा नाही. बाबासाहेबांनी आपल्या मनावरचा शिक्का पुसला. पुसला गेला नाही तो लावणाऱ्याच्या मनातला.

आता आपल्या नगरात येऊ. मलिक अंबर सर्वांना माहीत आहे. इथिओपियात जन्मलेला पोर, लहानपणी विकला गेला, या हातातून त्या हातात जात दख्खनेत आला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतलं, आणि तो चंगीझखान स्वतःही हबशीच होता. १६०० साली मोगलांनी नगरचा किल्ला घेतला. निजामशाही संपली असं सगळ्यांना वाटलं. पण या अंबरने नवा निजामशहा गादीवर बसवला, त्याला आपली मुलगी दिली आणि १६२६ साली मरेपर्यंत राज्य हाकलं. १६२४ साली आपल्या भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला. भातवडी म्हणजे नगरपासून हाकेच्या अंतरावर.

जहांगीर बादशहा या माणसावर इतका जळायचा, की आत्मचरित्रात त्याच्या काळ्या रंगावरून शिव्या घालतो. त्याने एक चित्रही काढून घेतलं. भाल्यावर अंबरचं तोडलेलं मुंडकं आणि जहांगीर त्यावर बाण मारतो आहे, असं ते चित्र. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधीच मिळालं नाही!

मग मुलांनो, सांगा, हा वंशवाद का? रंगावरून शिवी आहे, तुच्छता आहे. पण आपले प्रश्न लावून बघा. जन्माने दार बंद झालं का? नाही, तो राज्याचा कर्ता झाला. त्याच्यानंतर मुलगा फत्तेखान वजीर झाला. लग्नाच्या दारावर पहारा होता का? मुलगी तर राजघराण्यात गेली. गुलामगिरी ती गुलामगिरीच, माणूस विकणं वाईटच. पण इथली गुलामगिरी पिढ्यान्‌पिढ्या रक्ताला चिकटलेली नव्हती.

आणि त्याच वेळी, त्याच मुलखात, गावकुसाबाहेर आपले पूर्वज राहत होते. चोखोबांचा काळ अंबरच्या आधी अडीचशे-पावणेतीनशे वर्षांचा. म्हणजे अस्पृश्यता तेव्हा चांगलीच मुरलेली होती. महारवाड्यातल्या माणसाचा रंग पाटलाच्या रंगासारखाच, भाषा तीच, विठोबा तोच. पण विहीर वेगळी, स्मशान वेगळं. समुद्रापलीकडून विकून आणलेला काळा पोर नगरचा कर्ता होऊ शकला, आणि याच मातीत जन्मलेल्या माणसाला गावच्या विहिरीवर जाता आलं नाही. म्हणून म्हणतो, रंग बघून फसू नका. जन्माचा शिक्का शोधा.

पुढे इंग्रज आले आणि त्यांनी वंशाचं शास्त्र आणलं. हर्बर्ट रिस्ले नावाचा अधिकारी होता. त्याने माणसांची नाकं मोजली आणि १८९१ साली आकडे छापले. त्याचं म्हणणं, नाक जितकं रुंद तितकी जात खालची. हाच रिस्ले १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख झाला. त्याच सुमाराला लष्करात 'लढाऊ वंश' नावाची कल्पना बोकाळली. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला कंपनीच्या बाजूने जे पडले, त्यांच्या स्तंभावर महारांची बावीस नावं आहेत. पण १८९२ च्या सुमाराला महारांची भरती बंद झाली. का, तर म्हणे हे लढाऊ नव्हेत. गोपाळबाबा वलंगकरांनी, शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज लिहिले. पहिल्या महायुद्धात माणूस कमी पडू लागला तेव्हा १९१७ साली पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर मोडली. दुसरं महायुद्ध पेटलं आणि १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. नाकं तीच, रक्त तेच. बदलली ती सरकारची गरज. वंशाचं शास्त्र कुणाच्या सोयीने चालतं, हे समजायला याहून सोपा धडा नाही.

आता त्या मुलीच्या मुद्द्याकडे येतो. बाबासाहेब काय म्हणाले? १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातींवर निबंध वाचला. जातीचं मर्म त्यांनी एका गोष्टीत दाखवलं : जातीतल्या जातीत लग्न. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात त्यांनी सांगितलं, की भारतात वंशांची सरमिसळ होऊन गेल्यावर पुष्कळ काळाने जाती आल्या, आणि पंजाबातला ब्राह्मण व पंजाबातला चांभार वंशाने एकच आहेत. १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात त्यांनी आर्यांच्या स्वारीचा सिद्धांत खोडून काढला. १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात तर गंमतच केली. घुर्ये यांनी दिलेली नाकांची मापं घेतली आणि त्याच मापांवरून दाखवलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा ठरत नाही. रिस्लेचा फूटपट्टीचा खेळ त्याच फूटपट्टीने मोडला!

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली. ती त्यांनी अमेरिकेत काळ्या माणसांची गुलामी मोडणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. आपलं दुःख आणि त्यांचं दुःख एकाच जातकुळीचं आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. त्यांनी मात्र ब्राह्मण इराणातून आलेले आर्य आहेत, असं मानून मांडणी केली. म्हणजे आपल्या दोन गुरूंचं या मुद्द्यावर एकमत नाही. म्हणून गोंधळून जाऊ नका. जोतिरावांच्या काळात आर्यांची गोष्ट हे विद्वानांचं हत्यार होतं. त्यांनी ते हिसकावून त्यांच्यावरच उगारलं. बाबासाहेबांनी ते हत्यारच निकामी केलं.

आज काय दिसतं? २०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबीतल्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी भारतीयांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे चार हजार दोनशे ते एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या काळात इथले बहुतेक सगळे समाज एकमेकांत मिसळले आणि नंतर ती मिसळण थांबली, असं त्यांना आढळलं. २०१९ च्या संशोधनात वायव्येकडून गवताळ प्रदेशातले लोक आल्याच्या खुणाही मिळाल्या. म्हणजे बाहेरून कुणी आलंच नाही, असं आज म्हणता येणार नाही. १९४६ चं पान त्या जागी नव्याने वाचावं लागेल, आणि डोळे उघडे ठेवून वाचा, असंच बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलं. पण 'आम्ही शुद्ध अमुक वंशाचे' असं म्हणायला आज कुणालाच जागा उरली नाही. त्यांनाही नाही आणि आपल्यालाही नाही. आधी सरमिसळ आणि मग लग्नाचं दार बंद, हा १९१६ आणि १९३६ चा विचार मात्र प्रयोगशाळेतून पुन्हा समोर आला.

तेव्हा पहिल्या मुलाला मी सांगेन, आपण वेगळ्या वंशाचे म्हणून अन्याय झाला, हे खरं नाही. आणि मुलीला सांगेन, वंश नाही म्हणून वंशवाद नाही, असंही होत नाही. भूत नसतं, पण भुताच्या नावाने माणसाला मारहाण होते ना? भूत खोटं, वळ खरे! वंश ही कल्पना खोटी, पण तिच्या नावाने केलेला छळ खरा. त्यासाठी खरोखरचा वेगळा वंश लागत नाही. जन्माचा शिक्का, सत्ता आणि लग्नावरचा पहारा, एवढं पुरतं. जातीचे कपडे वेगळे आहेत, त्यामागे धर्मग्रंथ आणि विटाळ आहे, तो फरक विसरू नये. पण चालण्याची ढब तीच आहे.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. १९६५ साली संयुक्त राष्ट्रांनी वंशभेदाविरुद्ध करार केला. त्यात वंश आणि रंग यांच्याबरोबर 'वंशपरंपरा', म्हणजे कुणाच्या पोटी जन्मला, हा शब्द आहे. तो आपल्या भारताच्या सूचनेवरून आला. मग २००१ साली डर्बनला जागतिक परिषद झाली. दलित कार्यकर्ते तिथे जातीचा प्रश्न घेऊन गेले. तेव्हा भारत सरकारने भूमिका घेतली, की जात म्हणजे वंश नव्हे, तो विषय इथे नको. बाबासाहेबांचं निम्मं वाक्य पुढे आणि निम्मं झाकलेलं! २००२ साली कराराच्या समितीने खुलासा केला, की वंशपरंपरेत जातही येते. आणि बाबासाहेब स्वतः १९४६ साली काळ्यांचे पुढारी डू बॉइस यांना पत्र लिहून, निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अर्जाची प्रत मागत होते. वंश एक आहे म्हणून नव्हे, शिक्का एक आहे म्हणून.

आता शेवटचं, आणि हे जरा कडू लागेल. तिसरा प्रश्न लग्नाचा. १९३५ साली हिटलरने ज्यूंशी लग्नाला बंदी घातली, १९४९ साली दक्षिण आफ्रिकेने गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला. आपल्या जिल्ह्यात असा कायदा नाही. पण २०१३ ला सोनई आणि २०१४ ला खर्डा. वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्या मुलीशी नाव जोडलं गेलं म्हणून दलित पोरांचे जीव गेले. पहारा अजून उठलेला नाही.

पण हेच तीन प्रश्न घरी नेऊन स्वतःला विचारा. वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर 'गोरी पाहिजे' कोण लिहितं? मुलीने मातंग किंवा चर्मकार मुलगा पसंत केला, तर आपल्या घरात दोन दिवस चूल पेटत नाही, हे खोटं आहे का? आणि पारधी? १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कितीतरी जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण वस्तीत सायकल चोरीला गेली, की आपलं बोट पहिल्यांदा कोणत्या पालाकडे जातं? जन्माचा शिक्का म्हणतात तो हाच. फक्त या वेळी शाईची दौत आपल्या हातात असते.

भगवान बुद्धांनी वासेट्ठ सुत्तात हेच सांगितलं, की गवत, झाडं, पशू, पक्षी यांच्यात जातीजातीच्या वेगळ्या खुणा असतात, माणसामाणसांत तशा नसतात. अस्सलायन सुत्तात त्यांनी यवन आणि कंबोज देशांचा दाखला दिला, की तिथे मालक आणि दास असे दोनच वर्ग आहेत आणि मालकाचा दास, दासाचा मालक होतो. म्हणजे तुमचे चार वर्ण निसर्गाने दिलेले नाहीत. दुसऱ्या देशाकडे बघून आपल्या देशाची गोष्ट तपासायची, हे आजचे इतिहासकार करतात तेच अडीच हजार वर्षांपूर्वी झालेलं आहे.

माझी विहार समितीला एकच विनंती आहे. अभ्यासवर्गाच्या फळ्यावर हे तीन प्रश्न लिहून ठेवा. दुसऱ्याला विचारण्यासाठी, आणि आधी स्वतःला विचारण्यासाठी. ज्या दिवशी पालावरचं पोर आपल्या वर्गात येऊन बसेल आणि कुणी त्याला आडनाव विचारणार नाही, त्या दिवशी माझ्या वडिलांना जे उत्तर देता आलं नाही, ते आपण दिलं असं होईल.

खीर निवते आहे, म्हणून थांबतो. सर्वांना मंगल कामना. नमो बुद्धाय! जयभीम!